ताडपत्री गळते? फेकण्यापूर्वी एवढे करून पहा



गळीत हंगाम तोंडावर आला की आम्हां शेती विभागाच्या माणसांना ऊसनोंदी, तोडणीचे करार, टोळ्यांची व्यवस्था आणि रस्त्यांची डागडुजी यांतून मान वर करायला सवड मिळत नाही. अशा दिवसांत ताडपत्रीवर लेख कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्याची काढलेली सोयाबीन शेतात भिजली, ज्याच्या कडब्याची गंजी आतून काळी पडली, त्याला हा प्रश्न पडणार नाही.

आपला सोलापूर जिल्हा कमी पावसाचा. तरीही माल भिजतो तो इथेच जास्त. त्याचे कारण पावसाच्या वेळेत आहे. आपल्याकडे जून-जुलै पुष्कळदा कोरडे जातात आणि पावसाचा सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही झोडपतो. म्हणजे खरिपाची रास खळ्यावर येते आणि वरून पाऊसही येतो. १४ ऑक्टोबर २०२० चा दिवस सभासद विसरले नसतील. बंगालच्या उपसागरातून आलेले वादळी हवामान आंध्र-तेलंगण ओलांडून आपल्या डोक्यावर आले आणि एका दिवसात ओढे-नाले, भीमाकाठ सगळे पाण्याखाली गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने माढा, मोहोळ, करमाळा भागात काय केले तेही ताजे आहे. बरे, पावसाळा संपला की सुटलो म्हणावे, तर तसेही नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन ज्वारीच्या काढणीत गारपीट झाली होती. पुराला ताडपत्री पुरत नाही, हे उघड आहे. पण दर वर्षी जे नुकसान होते त्यातले पुष्कळसे पुराचे नसते. ते तास-दोन तासांच्या सरीचे असते, आणि ते नक्की टाळता येते.

पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा गोठ्याच्या आढ्याला एखादी जुनी कापडी ताडपत्री गुंडाळून टाकलेली असते. "ती गळते हो, काही कामाची नाही," असे म्हणून बाजारातून प्लॅस्टिकचा कागद आणला जातो. तो दोन उन्हाळ्यांत चिरतो आणि पुन्हा नवा आणावा लागतो. आमचे सांगणे एवढेच आहे : गळणारी ताडपत्री आणि कुजलेली ताडपत्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुजलेलीला इलाज नाही. गळणारीला आहे, आणि तो घरच्या घरी, किराणा दुकानातल्या दोन जिनसांत होतो.

ताडपत्री कोणती, ते आधी पहा

आज आपल्याकडे दोन जातींची ताडपत्री दिसते. एक जाड सुती कापडाची, म्हणजे कॅनव्हासची. ती खाकी किंवा हिरवट असते, वजनाला भारी असते, हाताला कापड लागते. दुसरी प्लॅस्टिकची. यात पट्ट्या विणून त्यांवर प्लॅस्टिकचा थर दिलेली एक, आणि अनेक थर एकत्र करून केलेली, जिला आपल्याकडे सरसकट सिलपोलिन म्हणतात ती दुसरी.

या लेखातील उपाय फक्त सुती ताडपत्रीचा आहे. प्लॅस्टिक पाणी पीत नाही, त्यामुळे त्यावर लावलेले काही आत मुरत नाही, वरचेवर निघून जाते. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला भोक पडले तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी. उन्हाने तिची भुकटी पडू लागली, घडी घालताना कडकड आवाज येऊ लागला, की तिचे आयुष्य संपले असे समजावे. ते ऊन खाल्लेले प्लॅस्टिक पुन्हा जोडता येत नाही.

मग सगळ्यांनी प्लॅस्टिकच घ्यावे का? तसे नव्हे. प्लॅस्टिक वारा अडवते. धान्यात, कडब्यात, कांद्यात थोडी ओल असतेच. दिवसा ती वाफ होऊन वर येते, रात्री प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला गार होते आणि थेंब होऊन मालावरच पडते. वरून थेंबही न पडता कडबा बुरसटतो तो यामुळे. सुती ताडपत्री पाणी अडवते पण श्वास घेते. दोन दिवसांपुरता झाकायचा माल असेल तर प्लॅस्टिक चालेल. महिना-दोन महिने गंजी झाकून ठेवायची असेल तर चांगली सुती ताडपत्री केव्हाही सरस.

सुती कापड पाणी अडवते कसे?

कापडाला तर भोकेच भोके. मग पाणी आत का येत नाही? याची दोन कारणे आहेत.

पहिले असे, की सुताचा धागा भिजला की फुगतो. घट्ट विणीच्या कापडात धागे फुगले म्हणजे मधली भोके आपोआप बारीक होतात. नवी कोरी ताडपत्री पहिल्या पावसात थोडी पाझरते आणि मग बंद होते, ती यामुळेच.

दुसरे कारण महत्त्वाचे. कारखान्यात कापडाला मेणासारखा पदार्थ दिलेला असतो. त्यामुळे धाग्याला पाण्याचा तिटकारा येतो. अळवाचे पान पहा. त्यावर पाणी टाकले तर पसरत नाही, मोती होऊन घरंगळते. चांगल्या ताडपत्रीवर पाणी तसेच वागते. भोक उघडे असूनही थेंब आत शिरत नाही, कारण थेंबाला फुटून पसरावे लागते आणि धागा त्याला पसरू देत नाही. हवा मात्र येत-जात राहते.

वर्षे जातात तसा हा लेप उन्हाने, धुळीने, घासण्याने निघून जातो. कापड तेच, वीण तीच, पण अळवाचे पान आता साधे फडके झाले. पाणी त्यात मुरते, खाली उतरते आणि आपण म्हणतो ताडपत्री गेली. गेला आहे तो लेप. तो पुन्हा देता येतो.

जीव आहे की नाही, तीन परीक्षा

खर्च आणि श्रम करण्याआधी कापडात जीव आहे का ते पहावे. सगळे अर्ध्या तासाचे काम आहे.

१. ओढून पहा. जिथे नेहमी घडी पडते तिथे कापड दोन्ही हातांच्या मुठींत धरून जोरात ताणावे. चर्रकन फाटले, किंवा दाभण टोचल्यावर धागा बाजूला न सरकता तुटला, तर कापड कुजले आहे. चार-पाच ठिकाणी असे झाले तर पुढचे काही करू नये.

२. उन्हात धरून पहा. दोघांनी ताडपत्री उन्हाकडे उचलून धरावी, तिसऱ्याने आतून पहावे. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने किंवा कोळशाने गोल करावा. उंदराने कुरतडलेले, ठिणगीने जळलेले, खुंटीने फाटलेले सगळे यात सापडते.

३. झोळी करून पहा. चार टोके बांधून मध्ये झोळ सोडावा आणि त्यात बादलीभर पाणी ओतून तास-दोन तास तसेच ठेवावे. ठिपके नसलेल्या जागी सगळीकडे पाणी पाझरत असेल तर लेप गेला आहे. फक्त शिवणीतून टपकत असेल तर कापड चांगले आहे, शिवणीपुरता इलाज करावा. ही परीक्षा वेगवेगळ्या ठिकाणी झोळ करून दोन-तीनदा घ्यावी.

आमचा अंदाज सांगायचा तर एकूण ताडपत्रीच्या चौथाईपेक्षा जास्त भागाला ठिगळे लागणार असतील, तर धड भाग कापून त्याची लहान ताडपत्री करावी. पंपसंच, मळणीयंत्र, उजनीच्या फुगवट्यावर ज्यांची होडी आहे त्यांची होडी, असे काहीतरी झाकायला ती पुरते.

वेळ कोणती?

दसरा-दिवाळीच्या दरम्यान पाऊस उघडतो आणि ऑक्टोबरचे कडक ऊन पडते, ते चार-पाच दिवस या कामाला सर्वांत चांगले. टोळ्या यायच्या असतात, रब्बीची पेरणी उरकत आलेली असते. तेव्हा जमले नाही तर संक्रांतीनंतर, ज्वारी काढणीला येण्यापूर्वी करावे. दमट हवेत हे काम करू नये. आतून ओली राहिलेली ताडपत्री लेपासकट बुरसटते.

धुणे आणि ठिगळ

आधी ताडपत्री जमिनीवर पसरून कोरडी झाडावी. मग साध्या पाण्याने आणि नारळाच्या काथ्याने किंवा मऊ ब्रशने घासावी. काळे बुरशीचे डाग कोरडे असतानाच घराबाहेर घासून काढावेत, त्या धुळीपासून नाक-तोंड झाकावे. तारेचा ब्रश वापरू नये. तो धागे तोडतो.

धुण्याच्या पावडरीचा मोह टाळा. कपड्याची पावडर कापडात थोडी जरी राहिली तरी ती पाण्याला आत ओढते, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या उलट. फारच तेलकट डाग असेल तर तेवढ्यापुरता साबण लावून भरपूर पाण्याने धुवावे.

वाळल्यावर ठिगळे. ठिगळ त्याच जातीच्या सुती कापडाचे असावे आणि फाटलेल्या जागेपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार बोटे मोठे घ्यावे. कडा आत दुमडून बाहेरच्या, म्हणजे पावसाच्या बाजूने लावावे. ठिगळाची वरची कड शक्य तर वरच्या शिवणीच्या पोटात घ्यावी. कौलावर कौल असते तसे, म्हणजे उतरते पाणी ठिगळाखाली शिरत नाही.

शिवायला जाड सुती दोरा घ्यावा, नायलॉनचा नको. सुती दोरा भिजला की फुगतो आणि दाभणाने पडलेले भोक भरून काढतो. नायलॉन फुगत नाही, त्याचे प्रत्येक टाक्याचे भोक गळत राहते. दोऱ्यावरून मेणबत्ती दोन-तीनदा फिरवून घेतली तर आणखी चांगले. कडांची पितळी कडी उखडली असेल तर तिथे कापड दुहेरी करून नवी बसवावी. चांभार किंवा बॅगा दुरुस्त करणारा कारागीर हे थोड्या पैशांत करून देतो.

साबण-तुरटीचा लेप

आता मुख्य काम. हा उपाय जुना आहे आणि जगात पुष्कळ ठिकाणी तंबूंना, शिडांना, गाड्यांवरच्या आच्छादनांना वापरला गेला आहे. त्यामागचे शास्त्र सोपे आहे. साबण पाण्यात विरघळतो, तुरटीही विरघळते. पण दोन्ही एकत्र आली की साबणातील स्निग्ध भाग आणि तुरटीतील ॲल्युमिनियम यांची गाठ पडते. त्यातून पांढरट, मेणासारखा पदार्थ तयार होतो, तो पाण्यात विरघळत नाही. ही गाठ बादलीत न पडता कापडाच्या धाग्याच्या पोटात पडावी, एवढीच सगळी युक्ती. म्हणून दोन्ही एका भांड्यात कालवायचे नाहीत. आधी साबण मुरवायचा, मग तुरटी द्यायची.

बारा फूट बाय अठरा फूट ताडपत्रीसाठी साधारण असे साहित्य लागते :

कपड्याचा वडीचा खरा साबण ६०० ग्रॅम
तुरटी ३०० ग्रॅम
पाणी १२ लिटर साबणाला, १२ लिटर तुरटीला
रुंद ब्रश किंवा जुना कुंचा, दोन बादल्या किंवा पिंप

साबण घेताना पहा. हल्ली वडीच्या रूपात मिळणाऱ्या पुष्कळ वड्या साबणाच्या नसून पावडरीच्याच जातीच्या, म्हणजे डिटर्जंटच्या असतात. वेष्टणावर तसे लिहिलेले असते. त्यांचा तुरटीशी मेळ बसत नाही. तेलापासून केलेला साधा धुण्याचा साबणच हवा.

पाणी घेताना त्याहून जास्त पहा. आपल्या भागातल्या विहिरी-बोअरचे पाणी जड. त्यात साबण घातला की फेस येत नाही, दह्यासारखी साय फाटते. तो साबण क्षारांनीच खाल्लेला असतो, ताडपत्रीला काय मिळणार? तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी घ्यावे. ते नसेल तर कालव्याचे किंवा नदीचे निवळलेले पाणी चालेल. थोडे पाणी बाटलीत घेऊन साबणाचा तुकडा टाकून हलवून पहा. चांगला फेस आला तर ते पाणी घ्या.

कृती अशी :

पहिला दिवस. साबण किसून गरम पाण्यात पूर्ण विरघळवावा. ताडपत्री स्वच्छ जमिनीवर किंवा कडब्याच्या थरावर पसरून, पाणी हाताला सोसेल इतके गरम असताना ब्रशने बाहेरच्या बाजूने लावत जावे. नुसते पुसल्यासारखे नको, कापड पिईल तेवढे पाजावे. शिवणी, ठिगळे आणि घडीच्या रेषा यांवर दोनदा फिरवावे. मग सावलीत दोरीवर टाकून अर्धवट वाळू द्यावी. हाताला दमट लागावी, पाणी गळू नये.

त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या सकाळी. तुरटी कुटून गरम पाण्यात विरघळवावी आणि कोमट झाल्यावर त्याच बाजूने, त्याच रीतीने लावावी. लावताच कापडावर पांढरट छटा येईल. तीच आपल्याला हवी आहे. तास-दीड तास तसेच राहू द्यावे.

नंतर साध्या पाण्याचा एक हलका हात द्यावा. ही पायरी गाळू नये. तुरटी आंबट असते. जास्तीची तुरटी कापडात राहिली तर दोन-तीन वर्षांत सूत कमजोर करते. मग सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवावी. जुने, फार विरळ झालेले कापड असेल तर आठ दिवसांनी हीच क्रिया पुन्हा एकदा करावी.

वाळल्यावर तांब्याभर पाणी उंचावरून टाकून पहा. पाण्याचे मोती झाले, झटकल्यावर कापड जवळजवळ कोरडे राहिले, की काम झाले. जिथे पाणी मुरते तिथे पुन्हा हात द्यावा.

एक खबरदारी. या कामाला कीटकनाशकाचे पिंप किंवा तणनाशकाचा फवारणी पंप वापरू नका. हीच ताडपत्री उद्या आपल्या खायच्या ज्वारीवर आणि जनावरांच्या वैरणीवर पडणार आहे. त्याच कारणाने, बुरशी येऊ नये म्हणून मोरचूद मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही मानू नका. जनावर ताडपत्रीची कड चघळते हे आपण सगळे पाहतो.

शिवणीला मेण

शिवणी, ठिगळांच्या कडा आणि जिथे ताडपत्री आढ्यावर टेकते ती मधली रेषा, इथे सर्वांत जास्त पाणी आणि घर्षण असते. तिथे साबण-तुरटी वाळल्यावर पांढऱ्या मेणाची वडी किंवा मेणबत्ती घट्ट घासावी. मग वर जुने वर्तमानपत्र ठेवून कोमट इस्त्री फिरवावी. मेण वितळून धाग्यात उतरते. एवढेच पुरे. सगळ्या ताडपत्रीला मेण देऊ नये. आपला उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढचा, उन्हात पडलेले कापड त्याहून कितीतरी तापते. सगळीकडे मेण दिले तर घडीला घडी चिकटते आणि धूळ बसते.

मेण पातळ करण्यासाठी त्यात रॉकेल किंवा पेट्रोल घालून चुलीवर गरम करण्याचा उद्योग कोणीही करू नये. ताडपत्री वाचेल, माणूस जाईल.

हे करू नका

जळके ऑइल. ट्रॅक्टरचे काढलेले ऑइल फुकट मिळते म्हणून ताडपत्रीला फासण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. पाणी काही दिवस अडते हे खरे. पण ते ऑइल वाळत नाही. धान्याच्या पोत्यांना, वैरणीला, हातांना लागत राहते आणि ठिणगी पडली तर ताडपत्री मशालीसारखी पेटते. ऊसतोडीच्या दिवसांत फडाजवळ, कोप्यांजवळ अशी ताडपत्री असणे म्हणजे संकटाला बोलावणे.

जवसाचे किंवा करडईचे तेल. मोटेचा काळ होता तेव्हा चामड्याच्या मोटेला आणि नाड्याला करडईचे तेल देत. ही तेले हवेत हळूहळू घट्ट होऊन कातडीसारखा थर धरतात, म्हणून ती पद्धत होती. पण जुन्या सुती कापडावर हा थर ताठ होतो आणि घडीवर तडकतो. शिवाय घट्ट होताना हे तेल उष्णता सोडते. तेल लावलेले कापड किंवा फडकी पुरती वाळण्यापूर्वी गुंडाळून ठेवली तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. तेव्हा हा मार्ग सोडलेला बरा.

डांबर. एकदा लावले की घडी घालता येत नाही, उन्हाळ्यात वितळते आणि धान्याला वास लागतो.

बाजारात तयार पाणीरोधक द्रव मिळतात, ते चालतात. मात्र डब्यावर "सुती कापडासाठी" असे लिहिले आहे का ते पहावे, आणि एका कोपऱ्यावर लावून आधी अनुभव घ्यावा.

बांधण्यात चुकले तर सगळे वाया

लेप कितीही चांगला असला तरी ताडपत्रीवर पाणी साचता कामा नये. सपाट पसरलेल्या ताडपत्रीत खळगा होतो, खळग्यात पाणी साठते, वजनाने आणखी खोल जाते आणि थेंब थेंब खाली उतरते. पाण्याला उभे राहू दिले नाही तर साधे कापडही पाऊस परतवते. म्हणून :

मालाच्या मध्यभागी बांबू किंवा वासा आडवा घालून आढे करावे, दोन्ही बाजूंना चांगला उतार द्यावा. गंजी रचतानाच माथा घराच्या पाखासारखा करावा.

ताडपत्री मालाला आतून चिकटू देऊ नये. ओल्या कापडाला आतून बोट लावले की त्याच जागी पाणी उतरू लागते. तंबूत झोपणाऱ्याला हे माहीत असते. पोत्याचा कान, कडब्याची पेंढी जिथे टेकते तिथून गळती सुरू होते. बांबूने किंवा वाळक्या पाचटाच्या थराने मधे अंतर ठेवावे.

वर दगड-विटा ठेवू नयेत. वाऱ्याने ताडपत्री हलते आणि दगडाखाली घासून भोक पडते. कड्यांतून दोरी ओवून खुंट्यांना बांधावी, आणि वरून आडव्या दोऱ्या टाकून त्यांच्या टोकांना दगड लोंबते ठेवावेत. दोरी वाऱ्याबरोबर देते, कापड फाडत नाही.

खालची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवावी. वारा खेळतो, वाफ निघून जाते. मालाखाली दगडांवर फळ्या किंवा तुरकाट्यांचा थर घालावा. वरून कोरडा आणि खालून ओला, असा माल आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

आणि ऊन पडले की ताडपत्री उघडा. ज्वारीत दहा-बारा टक्क्यांच्या वर ओल राहिली तर तिला कीड-बुरशी लागायला पाऊस लागत नाही.

हंगाम संपल्यावर

ताडपत्री कुजते ती पावसात कमी, माळ्यावर जास्त. ओली गुंडाळली की आठ दिवसांत काळे ठिपके पडतात आणि महिन्याभरात सूत हातात येते. म्हणून दोन्ही बाजूंनी खणखणीत वाळवूनच गुंडाळावी. घडी घालण्यापेक्षा बांबूवर गुंडाळलेली बरी, म्हणजे तीच ती घडी मोडत नाही. जमिनीवर न ठेवता टांगून ठेवावी. खताच्या पोत्यांजवळ, विशेषतः सुपर फॉस्फेटजवळ, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ ठेवू नये. खतातला आणि बॅटरीतला आंबट अंश सूत खाऊन टाकतो.

साबण-तुरटीचा हा लेप जन्मभराचा नाही. ऊन आणि पाऊस खाऊन तो झिजतो, म्हणून वर्षातून एकदा द्यावा. पहिल्या वर्षी दोन दिवस जातात, पुढच्या वर्षी ठिगळे नसल्याने एका दिवसात आटोपते.

आणखी दोन शब्द ऊसकऱ्यांसाठी

जी ताडपत्री तिन्ही परीक्षांत नापास झाली तीही टाकून देऊ नये. लागणीच्या वेळी बेणे तोडून ट्रॉलीत भरले की उन्हाने डोळे सुकतात आणि उगवण घटते. त्या बेण्यावर ही जुनी ताडपत्री टाकावी. सावली द्यायला पाणीरोधक असावे लागत नाही. उन्हात थोडी भिजवून टाकली तर उलट चांगले.

दुसरे. आपला ऊस तोडायला बीड, धाराशिव, अहिल्यानगर या भागांतून आणि जतकडून माणसे येतात, लेकराबाळांसह पाच-सहा महिने कोपीत राहतात. डिसेंबर-जानेवारीत एखादी अवकाळी सर आली की शेतकऱ्याचा कडबा भिजतो. त्यांचे मात्र अंथरूण, धान्य आणि चूल सगळेच भिजते. दुसऱ्या दिवशी तोड थांबते ती फडात चिखल झाला म्हणून, आणि रात्रभर कोणी झोपले नाही म्हणूनही. ज्या सभासदांकडे एखादी जास्तीची सुती ताडपत्री आहे त्यांनी ती वरील रीतीने नीट करून आपल्या फडावरच्या टोळीला हंगामापुरती द्यावी, ही आमची विनंती आहे. कोपीत चूल पेटते. म्हणून तेल, ऑइल, डांबर लावलेली मात्र चुकूनही देऊ नये.

थोडक्यात लक्षात ठेवायचे ते असे. आधी ओढून, उन्हात धरून आणि झोळी करून पहा. पावडर नको, साबण खरा हवा, पाणी हलके हवे. आधी साबण, मग तुरटी, मग साध्या पाण्याचा हात. शिवणीला मेण. उतार देऊन बांधा, वाळवून ठेवा. साबण-तुरटीला येणारा खर्च आणि नव्या ताडपत्रीची किंमत दुकानात एकाच वेळी विचारून पहा, म्हणजे आम्ही वेगळे सांगायला नको.

कोणाला प्रत्यक्ष करून पहायचे असेल तर चार-पाच सभासदांनी मिळून आपापल्या ताडपत्र्या एका ठिकाणी आणाव्यात आणि आपल्या गट कार्यालयात तसे कळवावे. आमचा कर्मचारी येऊन पहिली ताडपत्री तुमच्याबरोबर करील. पाऊस पुन्हा दाराशी येण्याआधी हे काम उरकून घेऊ या.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग